डावीकडचं वळण

तिसरा स्क्रू निघाला आणि व्हिडिओ गेमच्या हिरव्या कंट्रोलरचं झाकण चिमटीच्या तळहातावर सुटून आलं. तिनं दिवा जवळ ओढला, भिंग डोळ्यावर उतरवलं आणि आत पाहिलं. तीस वर्षांची धूळ होती. एका कोपऱ्यात वाळलेली मुंगी होती. आणि दांडीच्या बुंध्याशी, डाव्या अंगाला, अर्ध्या नखाएवढा रबराचा एक तुकडा होता.

तो तिथला नव्हता. उभं आयुष्य दुसऱ्यांच्या वस्तू उघडण्यात गेल्यामुळे कारखान्यानं काय बसवलंय आणि मागाहून कुणी काय कोंबलंय, हे तिला एका नजरेत कळायचं. शाळेतलं साधं खोडरबर. धारदार पात्यानं तिरकं कापलेलं, खालून गोंद लावून पक्कं बसवलेलं. तिनं दांडी उजवीकडे ढकलली, ती शेवटपर्यंत गेली. डावीकडे ढकलली, ती निम्म्यावर अडली.

तिनं पुन्हा ढकलली. पुन्हा अडली.

बाहेर काउंटरपाशी बाबा आपल्या खुर्चीत बसून रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज ऐकत होते आणि कुठली गाडी किती दिवसांत बंद पडणार याची भाकितं करत होते. ऐकायला कुणी नव्हतं, त्यानं त्यांचं काही अडत नव्हतं.

"काय सापडलं गं?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"धूळ," ती म्हणाली.

चिमटी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. आठ वर्षांची असताना घड्याळातून उडालेली केसासारखी स्प्रिंग तिनं फरशीच्या फटीतून नुसत्या बोटांनी उचलून दिली, तेव्हा बाबांनी ते ठेवलं. पुढे गिऱ्हाइकंही तेच म्हणू लागली. रेडिओ, टीव्ही, टेपरेकॉर्डर, जे बंद पडेल ते बाबांच्या दुकानात यायचं. असंच एकदा कुणीतरी एक व्हिडिओ गेम दुरुस्तीला टाकून गेलं ते परत आलंच नाही. वर्षभर वाट पाहून बाबांनी तो वरच्या खोलीतल्या टीव्हीला जोडला. सोबत दोन कंट्रोलर होते, एक करडा आणि एक हिरवा, आणि एकच कॅसेट: पाण्यावरच्या स्कूटरच्या शर्यतीची. करडा दादानं पटकावला. तो मोठा होता, त्यामुळे हिरवा तिचा.

आई लवकर गेलेली, आणि बाबांना भांडणांचा मनस्वी कंटाळा. त्यांनी या गेमचं कोर्ट करून टाकलं. भांडी कोण घासणार, खिडकीजवळ कोण झोपणार, काहीही असो, बाबा खालून ओरडायचे, "पाण्यावर मिटवा!" तीन शर्यती, दोन जिंकेल त्याचं खरं. आणि वर एक नियम: हरल्यावर कंट्रोलरला, टीव्हीला किंवा डोळ्यांत गेलेल्या केसाला दोष द्यायचा नाही.

दादा एका वर्गात दोनदा बसल्यामुळे दोघांची शाळा एकाच वर्षी संपली. तेव्हा लांबच्या शहरातून आत्यानं कळवलं, की कॉलेजसाठी एका पोराला मी ठेवून घेते. दोघांना जागा नाही. चिमटीचे मार्क दादाच्या दीडपट होते. तिनं मनातल्या मनात पिशवी भरायलाही घेतली होती. बाबा म्हणाले, "मला दोघंही सारखी. पाण्यावर मिटवा." तिला त्याची चिंता नव्हती. त्या वर्षी ती दादाला पाचातल्या चार वेळा हरवत होती.

ती सरळ दोन शर्यती हरली. गेमचा नियम साधा होता: पाण्यावर तरंगणारा लाल गोळा आला की त्याच्या उजवीकडून जायचं, पिवळा आला की डावीकडून, आणि पाच गोळे चुकले की बाद. तिचे पाचही चुकलेले गोळे पिवळे होते. दांडी तिला जड लागत होती, हाताला घाम सुटला होता, आणि दोष कशालाच द्यायचा नव्हता. तिनं कंट्रोलर खोक्यात टाकला तो तीस वर्षं बाहेर काढला नाही. दादा टीव्हीच्या रिकाम्या खोक्यात कपडे कोंबून निघाला आणि निघताना म्हणाला, "तुझं डावीकडचं वळणच कच्चं आहे गं."

ते वाक्य तिनं जपलं होतं, बाबा जुन्या रेडिओंचे निकामी व्हॉल्व्ह जपतात तसं. आता भिंगाखालच्या त्या तुकड्याकडे पाहताना तिला त्याचा अर्थ लागला. मेल्यानं जाता जाता सांगूनच टाकलं होतं की! दादा इंजिनियर झाला, त्याचं ऑफिस झालं, ऑफिसला काचेचं दार झालं. आणि घरातला पंखा आवाज करू लागला की अजून फोन बहिणीला करत होता. बहीण इथेच राहिली, तारांना डाग देत, धूर गिळत. तिनं तो तुकडा नीट न्याहाळला. कडा कशा एकसारख्या होत्या. आयुष्यात एक काम दादानं इतकं सफाईनं केलं, आणि ते हे.

गेम उघडायचं कारणही दादाच होता. रुग्णालयातली यंत्रं दुरुस्त करायला शिकवणारा दीड वर्षाचा कोर्स तिला मिळाला होता, दुसऱ्या गावी, राहून करायचा. वयाची अट नव्हती. फॉर्मवर शेहेचाळीस हा आकडा तिनं ठसठशीत लिहिला होता. प्रश्न बाबांचा होता. न्हाणीघरात पडल्यापासून त्यांना एकटं ठेवता येत नव्हतं, आणि त्यांना हे दुकान सोडायचं नव्हतं. फोनवर दोघांची बरीच घासाघीस झाल्यावर दादा हसून म्हणाला होता, "चल, बाबांच्या पद्धतीनं. पाण्यावर मिटवू. हरेल त्याच्याकडे बाबा." बाबांनी ते ऐकलं आणि मान डोलावली. त्यांचीच पद्धत, नाही कसं म्हणणार? शिवाय मोठी शर्यत दादाच जिंकतो, असा त्यांना अनुभव होता.

चिमटीनं फुंकर मारून धूळ उडवली. मुंगी उचलून टाकली. रबराचा तुकडा होता तिथेच राहू दिला आणि तिन्ही स्क्रू पुन्हा घट्ट बसवले.

पुढचे पंधरा दिवस दुपारी दुकान बंद असताना ती वरच्या खोलीत करडा कंट्रोलर घेऊन बसू लागली. पहिल्या दिवशी तिला हसू आलं. कसली ती माणसं, खोकी चिकटवून केल्यासारखी! दीपगृह म्हणजे रंगवलेला डबा, आणि किनाऱ्यावरची झाडं कागदाची. पण पाणी मात्र पाणीच होतं. लाट खालून यायची आणि स्कूटर उचलायची, तेव्हा पोटात अजूनही तोच खड्डा पडायचा. उतारावर वळलं तर स्कूटर ऐकायची, चढावर वळलं तर हट्ट करायची. हे सगळं तिच्या बोटांना पाठ होतं. आपण कशाकशाला मुकलो याची मोजदाद तिनं इतकी वर्षं टाळली होती. या खेळाला मुकलो, हे तर तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. त्याचाही राग तिनं दादाच्याच नावावर लावला. दादाचं तोंड कसं पडेल हे ती रोज डोळ्यांसमोर आणायची, आणि त्यानंतर तिला झोप छान लागायची.

रविवारी सकाळी दादा आला. पोट पुढे, केस मागे, हातात बाबांसाठी स्वेटर. बाबांना धरून त्यानं वर आणलं, खुर्चीत बसवलं आणि स्वतः कण्हत जमिनीवर बसला.

"आई गं! गुडघे गेले माझे. लाव, लाव गेम. अरे, पाणी बघा बाबा! तस्संच आहे!"

चिमटीनं हिरवा कंट्रोलर त्याच्या मांडीवर ठेवला.

"या वेळी अदलाबदल. तुझा करडा मला."

"घे की."

"हिरवा नको देऊस त्याला," बाबा म्हणाले.

"का?"

"जुना झालाय."

"दोन्ही एकाच वयाचे आहेत," चिमटी म्हणाली आणि बटण दाबलं.

दीपगृहाची शर्यत सुरू झाली. पहिला लाल गोळा दोघांनीही घेतला. पहिल्या पिवळ्याला दादाची स्कूटर वळता वळता बाहेर फेकली गेली आणि गोळा राहिला. दुसऱ्यालाही तेच झालं. चिमटी एका डोळ्यानं आपली अर्धी स्क्रीन पाहत होती आणि एका डोळ्यानं त्याचं तोंड. आता याला कळेल, तिला वाटत होतं. आता हा हातातल्या वस्तूकडे बघेल आणि मग माझ्याकडे बघेल.

"वळ की! अरे वळ, माझे आई!" दादा स्कूटरलाच विनवत होता. सबंध अंग त्यानं डावीकडे कलतं केलं होतं. पाचवा गोळा चुकला आणि त्याची स्क्रीन काळी झाली. तो मोठ्यानं हसला.

"गेलो! म्हातारे झालो गं आपण. बोटं ऐकत नाहीत."

चिमटी पाहत राहिली. ते हसू चोराचं नव्हतं. दादाला खोटं बोलता येत नसे. लहानपणी साधा लाडू चोरला तरी त्याचे कान लाल व्हायचे. आत्ता कान नेहमीसारखेच होते.

"तुझंही असंच झालं होतं, आठवतं?" दादा बोटं मोडत म्हणाला. "आत्याकडे जायच्या वेळी. तू डावीकडे उशिरा वळत होतीस. मी तुला सांगितलंही निघताना, म्हटलं पुढच्या वेळी उपयोगी पडेल. पुढची वेळ कुठली! तू खेळायचंच सोडलंस. मी तर पिशवीसुद्धा भरली नव्हती. तूच जाणार, हे ठरल्यासारखंच होतं ना."

टीव्हीचं खोकं तिला आठवलं. त्याच्या तोंडाशी अडकलेली शर्टाची बाही आठवली. घाईघाईनं पळ काढणाऱ्याचं सामान, असंच ती आजवर समजत आली होती.

"दुसरी लावू?" तिनं विचारलं.

दुसऱ्या शर्यतीत दादाचे तीन पिवळे गोळे लागोपाठ गेले. आता दीपगृहाला वळसा घालणारं ते लांबलचक डावं वळण समोर आलं. बाबा खुर्चीत पुढे सरकले होते. दोन्ही हात त्यांनी काठीच्या मुठीवर दाबून धरले होते. ही शर्यत गेली की त्यांची खुर्ची गेली, काउंटर गेला, रस्त्यावरच्या गाड्या गेल्या.

"आधी वळव!" ते ओरडले. "दोन लाटा आधीच दांडी डावीकडे टाक! निम्म्यावर अडते ती, पुढे जात नाही. आधीच टाकून ठेव!"

चिमटीनं खेळ थांबवला. वर चढलेली लाट तशीच उभी राहिली.

"काय झालं?" दादानं विचारलं.

"बाबा," ती मागे न वळता म्हणाली, "निम्म्यावर अडते हे तुम्हाला कसं कळलं?"

"दिसतंय की. समोर दिसतंय."

"समोर स्कूटर दिसते. दांडी नाही दिसत."

दादानं दांडी हलवून पाहिली. "अडते खरी जराशी. मला वाटलं, माझाच अंगठा आखडला."

चिमटीनं हात आपल्या खिशाकडे नेला. तिथे तिकोनी तोंडाचा स्क्रू-ड्रायव्हर होता. या कंट्रोलरचे स्क्रू दुसऱ्या कशानंच उघडत नाहीत. घरात तो एकच होता, बाबांनी स्वतः घासून बनवलेला. दुकान तिच्या हाती आलं तेव्हा तिला मिळाला. त्याआधी तो बाबांच्या शर्टाच्या खिशात असायचा, आणि ते झोपले की उशीखाली. दादाला तर साध्या स्क्रू-ड्रायव्हरचं तोंड कुठलं आणि मूठ कुठली, हेही धड कळत नसे. पंधरा दिवसांपूर्वी याच हत्यारानं तिनं ते झाकण उघडलं होतं, हत्यार हातात होतं, आणि तरी तिच्या मनात आला तो दादा. एवढी शहाणी म्हणवते, आणि रागाच्या भरात हातातली वस्तू दिसू नये?

तिरका काप. एकसारख्या कडा. खालून गोंद. हे काम आपण कुणाकडून शिकलो, हे तिला आता आठवलं.

तिनं दादाच्या हातातून हिरवा कंट्रोलर काढून घेतला आणि करडा त्याच्या मांडीवर ठेवला.

"या दोन्ही शर्यती रद्द. एकच खेळू, शेवटची. तुझा तुला, माझा मला."

"जिंकत असताना सोडतेस? वेडी का खुळी?"

"हो."

"नको," बाबा म्हणाले. "हिरव्यानं नको खेळूस."

आता ती वळली. "का, बाबा?"

तिनं वाट पाहिली. खरोखरच पाहिली. एक वाक्य बोलले असते तरी कदाचित तिनं कोर्सचा कागद फाडून टाकला असता, इतकी ती त्या क्षणी त्या एका वाक्यासाठी आसुसली होती. बाबांनी नव्या स्वेटरचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"काही नाही," ते म्हणाले. "खेळा."

करडा हातात आल्यावर दादा वेगळाच माणूस झाला. पहिले चार गोळे त्यानं चाटून जावेत तसे घेतले आणि पुढे सटकला. चिमटीचा पहिला पिवळा गोळा चुकला. दुसराही. दांडी तशीच जड होती, हाताला तसाच घाम होता, आणि ती पुन्हा सोळा वर्षांची होती. मग तिनं दात आवळले. दोन लाटा आधी. पुढचा पिवळा गोळा अजून नीट दिसतही नव्हता तेव्हाच तिनं दांडी डावीकडे टाकली. स्कूटर निम्म्या मनानं वळू लागली, उतारावर लाटेनं तिला ढकललं, आणि गोळा उजव्या हाताला सुर्रकन मागे गेला.

त्यानंतर एकही चुकला नाही. दीपगृहाच्या वळणावर दादा उशिरा वळला, सवयीप्रमाणे, आणि बाहेर फेकला गेला. ती आतून आली. शेवटच्या सरळ पट्ट्यात दोघं जोडीनं होते. तिची स्कूटर वीतभर आधी रेषेला लागली.

"मारलंस!" दादानं तिच्या पाठीत थाप घातली. "आधी का नाही गं खेळलीस अशी?"

ती बाबांकडे पाहत होती.

"ही धरू नका," बाबा म्हणाले. "पुन्हा खेळा. तो कंट्रोलर…"

"अहो बाबा!" दादा खदखदून हसला. "कंट्रोलरला दोष द्यायचा नाही! नियम कुणाचा?"

बाबांनी काठी जवळ ओढली.

सामान फारसं नव्हतंच. चिमटीनं कपडे घड्या घालून भरले, औषधं वेळेप्रमाणे वेगळी बांधली, कुठलं जेवणाआधी आणि कुठलं नंतर ते दादाकडून दोनदा वदवून घेतलं. काही विसरायला नको म्हणून चष्म्याची जादा काडीही ठेवली. मग ती बाबांच्या समोर स्टुलावर बसली, हिरवा कंट्रोलर मांडीवर घेतला, तीन स्क्रू काढले आणि चिमट्यानं रबराचा तुकडा उचकटला. बाबांचा हात उलटा करून तिनं तो त्यांच्या तळव्यावर ठेवला.

"तुमचा आहे. माझ्याकडे राहिला होता."

"काय गं ते?" दादानं बॅगेची चेन ओढत विचारलं.

उत्तर द्यायचं काम तिनं बाबांवर सोडलं.

"जुना पार्ट," बाबा म्हणाले आणि मूठ मिटली. "कामाचा नाही आता."

खाली दादानं गाडीचं दार उघडून धरलं होतं. बाबा एका हातानं काठी आणि दुसऱ्यानं तिचा दंड धरून दुकानाची पायरी उतरले. मिटलेली मूठ तिच्या दंडाला लागत होती. बसण्याआधी ते थांबले.

"तुझा हात फार चांगला होता गं," ते हळूच म्हणाले, दादाला ऐकू जाणार नाही इतकं. "म्हणून."

"अजून आहे, बाबा."

तिनं त्यांचे पाय उचलून आत घेतले, स्वेटर गळ्यापर्यंत सारखा केला आणि दार लावलं. गाडी कोपऱ्यावर डावीकडे वळेपर्यंत ती पायरीवर उभी होती.

मग ती वर गेली. हिरवा कंट्रोलर उघडाच पडला होता. तिनं दांडी डावीकडे ढकलली; ती शेवटपर्यंत गेली. झाकण बसवून तिनं पहिला स्क्रू चिमटीत धरला. तो बोटांतून निसटून फरशीवर पडला. उचलला, तर पुन्हा पडला. तिसऱ्यांदा बसला.